निळा कप

"ही तीच आहे," परतकाका म्हणाले आणि त्यांनी कॉफीचा कप बशीसकट दोन बोटं पुढे सरकवला. आवाज जराही चढलेला नव्हता, आणि घोटाळा तिथेच होता. चढलेल्या आवाजाचं काय करायचं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. सोळा वर्षं ती या कॉफीच्या दुकानात काउंटर आणि टेबलं यांच्यामध्ये उभी होती आणि अडेल गिऱ्हाईक हा तिचा हातखंडा होता. टेबलावर हात आपटणारे, मालकाला बोलवा म्हणणारे, कॉफीत कॉफीचा वास येतो म्हणून नाक मुरडणारे, सगळे तिच्या हाताखालून गेले होते आणि जाताना बहुतेकजण हसत गेले होते. पण हे तीन शब्द परतकाकांनी वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तितक्या साधेपणानं सांगितले. तिचा हात सवयीनं कपाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो याआधी कधी असा थांबल्याचं तिला आठवत नव्हतं.

कप निळा होता. दुकानातले बाकीचे कप पांढरे. हे पाच निळे जुन्या संचातले उरलेले, जाड काठाचे, आतल्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलेले. ते गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कधीच दिले जात नसत. कुणी कॉफी परत केली की ती कप उचलायची, कपाळावर एक बारीकशी आठी आणायची, "थांबा, मी स्वतः बघते" म्हणायची आणि झुलत्या दारातून आत जायची. आत गेल्यावर निळा कप उकळत्या पाण्यानं विसळायचा, तीच कॉफी त्यात ओतायची, काठ पुसायचा आणि वीसपर्यंत आकडे मोजायचे. वीस महत्त्वाचे. दहाला बाहेर आलं तर संशय येतो आणि तीसला राग. मग कप समोर ठेवायचा, त्याचा कान गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताकडे वळवायचा आणि एवढंच म्हणायचं, "आता बघा बरं." दहातले नऊजण एक घोट घेत, मान डोलावत, आणि म्हणत, हं, आता कशी. दहावा बहुधा घाईत असल्यामुळे काहीच म्हणत नसे. ही फसवणूक आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या मते कॉफी परत करणाऱ्या माणसाला कॉफीचं काही पडलेलं नसतं. सकाळपासून घरात, रस्त्यावर, कचेरीत त्याचं कुणी ऐकलेलं नसतं, आणि इथे चार पैसे टाकून तो एक माणूस आपल्यासाठी आत जाताना आणि बाहेर येताना बघतो. तेवढं त्याला मिळालं की झालं. मशीनवर उभा राहणारा दादा पहिल्या पहिल्यांदा यावर हसायचा. नंतर तो तिच्याकडे गिऱ्हाइकं पाठवायला लागला. त्या बाईंचं टेबल डुगडुगतंय म्हणतात, तो सांगायचा, आणि टेबल तर भिंतीत पक्कं बसवलंय. ती जायची, वाकायची, टेबलाखाली कागदाची घडी सरकवल्यासारखं करायची, आणि टेबल डुगडुगायचं थांबायचं.

दुकानाचा नियम खरं तर वेगळा होता. मशीनशेजारी खुंटीला एक लांब दांड्याचा चमचा टांगलेला असे, आणि नियम असा, की परत आलेल्या कपातली चमचाभर कॉफी आधी स्वतः चाखायची, मग तोंड उघडायचं. मालकांनी तो दुकान उघडलं त्या दिवशी घातला होता. पहिली दोन वर्षं तिनं तो इमानेइतबारे पाळला, आणि दोन वर्षांत तिला कळलं की कॉफी नेहमी ठीकच असते. साप म्हणून रोज भुई कोण धोपटणार? चमचा खुंटीवरच राहिला. अलीकडे दादा त्यानं डबे उघडायचा.

ही विद्या तिची स्वतःची नव्हती, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. ती तिच्या आईची. बाबा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. बाहेर जेवायला गेलं की सूप परत, काटा परत, खुर्ची परत, आणि आई टेबलक्लॉथवरची फुलं मोजत बसायची. घरी तर काय, हक्काचीच माणसं. पहिला घास घेतला की बाबा चमचा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, मीठ कमी आहे. आई मुकाट्यानं ताट उचलून स्वयंपाकघरात न्यायची, मिठाच्या डब्यावर चमचा दोनदा वाजवायची आणि तेच ताट परत आणायची. मिठाचा कणही त्यात पडलेला नसायचा. बाबा घास घ्यायचे आणि म्हणायचे, आता बरोबर. हे पहिल्यांदा दारातून पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिला हसू आवरेना. आईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अगं, माणसाला मीठ नको असतं, आपल्यासाठी कुणीतरी उठलेलं हवं असतं. पुढे तिनं नोकरी धरली, लग्न केलं, मोडलं, पुन्हा उभी राहिली, आणि या सगळ्यात जे एक वाक्य कधी खोटं पडलं नाही ते हेच. त्यावर तिनं सोळा वर्षं काढली होती आणि ती वर्षं वाईट गेली नव्हती. सकाळी दुकानाचं कुलूप काढताना तिला जे वाटायचं ते बहुतेक लोकांना कामावर जाताना वाटत नसावं, असा तिचा अंदाज होता. आज येऊ दे कोण येतंय ते, असं वाटायचं.

परतकाका चार वर्षांपूर्वी यायला लागले. निवृत्त माणूस, आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरला, म्हणजे कटकट करण्याचाच पगार घेतलेला. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी घ्यायचे, खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर बसायचे, आणि पहिल्या घोटाला कप परत करायचे. गार आहे, पाणचट आहे, जळकी आहे, काल बरी होती. परतकाका हे नाव दादानं पाडलं. ती रोज आत जायची, निळा कप घेऊन बाहेर यायची, "आता बघा बरं" म्हणायची, आणि काका घोट घेऊन म्हणायचे, आता बरोबर. अगदी बाबांचेच दोन शब्द. पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती चमकली होती, मग सवय झाली. पण गेल्या आठवड्यात त्यांनी हद्द केली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब केक मागवत होतं, तर काकांनी त्यांना मोठ्यानं सांगितलं, तो घेऊ नका, कालचा आहे. कुटुंब उठून गेलं. मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केक कालचा होता, ही गोष्ट वेगळी.

आता बास, मालक म्हणाले. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा, आणि तुम्हीच सांगा, म्हणजे आवाज होणार नाही. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. मालक एका बाईंशी भागीदारी करून आणखी तीन दुकानं काढणार होते, आणि सगळ्या दुकानांतल्या माणसांना गिऱ्हाईक कसं सांभाळायचं हे शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. कुणीतरी म्हणजे तीच. मालकांच्या मनात दुसरं नाव नव्हतं. उभं राहण्याचं काम संपणार होतं, पोटऱ्यांच्या निळ्या शिरांना सुट्टी मिळणार होती, आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागणार नव्हतं. फक्त भागीदारीण बाईंना तिचं काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मग आजच बघा, मालक म्हणाले, आज एक अवघड गिऱ्हाईक कायमचं काढायचंय. म्हणून आज सकाळी अकराला मालक आणि त्या बाई कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून परतकाकांसमोर उभी होती.

वाक्य तयार होतं. सकाळी दुकान उघडल्यावर, मशीन धुताना, तिनं ते घडवलं होतं. काका, चार वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत. आमची कॉफी तुमच्या जिभेला पुरी पडत नाही, हा आमचा कमीपणा. तुमच्यासारख्या माणसानं रोज मन मारून प्यावं हे आम्हाला बरं वाटत नाही. इथे थांबायचं. मग हळूच, पुढच्या चौकातलं दुकान तुम्हाला नक्की आवडेल. मशीनच्या डाव्या तोटीत धुण्याची पावडर टाकताना तिनं "कमीपणा" शब्द काढून "दोष" घातला, पाणी सोडताना पुन्हा "कमीपणा" केला. वाक्य घासून घासून इतकं गुळगुळीत झालं की हात काय करताहेत तिकडे बघायची गरजच उरली नाही. हातांना सोळा वर्षांची सवय होती.

आणि आता ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. त्यांनी कप दुसऱ्यांदा परत केला होता, आजूबाजूच्या चार टेबलांनी ते पाहिलं होतं, कोपऱ्यातली खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज आला होता. तिनं आवाज खाली आणला, चेहऱ्यावर ती बारीक आठी आणली, आणि म्हणाली, "काका, ही मी आत्ता स्वतः आतून आणलीये."

"आणलीत ना. रोजच आणता," ते म्हणाले. "रोज तीच असते, या निळ्या कपातून. चार वर्षं मला माहीत आहे ताई, आणि मला चालतं. आज नाही चालणार. आज तिला वेगळी चव आहे."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चार वर्षं म्हणजे हजारेक कप होतात. हजारवेळा ती वीसपर्यंत मोजून बाहेर आली होती, आणि हजारवेळा हा माणूस समोर बसून, सगळं ठाऊक असताना, आता बरोबर म्हणाला होता. मग नाटक कोण कुणाचं बघत होतं? एखाद्यानं भर दुकानात मानेमागे बाहेर आलेलं कपड्याचं लेबल आत खोचून द्यावं तसं तिला वाटलं. आणि त्या लाजेखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं, फार जुनं. ती दहा-अकरा वर्षांची होती. बाबा ओट्यावर बसून बूट पुसत होते, आणि काही कारण नसताना त्यांनी तिला विचारलं होतं, तुझ्या आईचा डबा वाजतो तो ऐकतेस का गं? ती घाबरली, हो म्हणाली. बाबा म्हणाले होते, डबा वाजतो, पण मीठ पडल्याचा आवाज काही होत नाही. आणि बुटाला ब्रश मारत हसले होते. आईला सांगू नकोस, म्हणाले. तिनं कधीच सांगितलं नाही. इतकं सांगितलं नाही, की स्वतःलाही पुन्हा सांगितलं नाही. बाबांना माहीत होतं. आई उठते यातच त्यांचं मीठ होतं, आणि आता बरोबर हे ते आईचे उपकार मानल्यासारखे म्हणत. सोळा वर्षं ज्या वाक्यावर ती उभी होती ते वाक्य खोटं नव्हतंच. पण त्याचा दुसरा अर्धा भाग तिनं हरवला होता. समोरच्याला मूर्ख बनवून हे चालत नाही, तो चालवून घेतो म्हणून चालतं.

आणि मग ज्याच्याकडे ती गेली पाच वर्षं वळून बघत नव्हती ते आलं. शेवटच्या त्या महिन्यात बाबांची तक्रार अंथरुणाबद्दल होती. खिडकी उघडी का, बंद का, उशी उंच आहे, चादर टोचते. लांडगा आला रे आला. ती आणि आई आळीपाळीनं उठायच्या, उशी उचलायच्या, थापटायच्या, तीच परत ठेवायच्या. एका दुपारी ते म्हणाले, आज उशीचं नाही, छातीत काहीतरी वेगळं होतंय. आवाज चढलेला नव्हता. तिनं उशी उचलली, थापटली, ठेवली, आणि विचारलं, आता? बाबांनी तिच्याकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. आणि म्हणाले, आता बरोबर. तिसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. फार, असं म्हणाले. त्या एका शब्दावर ती कित्येक रात्री जागली होती, आणि मग एक दिवस तिनं तो शब्द, ती उशी आणि ते बघणं, सगळं उचलून कुठेतरी वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. आज परतकाका तसेच बघत होते. ते ओरडणार नव्हते. तिनं वाक्य म्हटलं असतं तर ते टोपी उचलून निघून गेले असते, हे तिला स्पष्ट दिसलं. तिनं "आता बघा बरं" म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी ती प्यायलीही असती.

तिनं कप उचलला. झुलत्या दाराकडे गेली नाही. सरळ काउंटरमागे मशीनपाशी गेली, दादाच्या हातातून लांब चमचा घेतला, पुसला, आणि सगळ्यांच्या देखत कपात बुडवून तोंडात घातला. कडू तर कॉफी असतेच. पण या कडूमागे एक खारट, चुन्यासारखी चव होती, जी जिभेच्या कडांना चिकटून राहिली आणि जाईना. ती चव तिला माहीत होती. सोळा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मालकांनी तिला मुद्दाम चाखवली होती, विसरू नये म्हणून. मशीन धुण्याची पावडर. धुतल्यावर प्रत्येक तोटीतून दहा वेळा नितळ पाणी सोडायचं असतं, मोजून. उजव्या तोटीतून तिनं दहा वेळा सोडलं होतं, ते तिला आठवत होतं. डाव्या तोटीच्या चौथ्या वेळेला "कमीपणा" की "दोष" हा प्रश्न आला होता. पाचवी वेळ तिला आठवेना. आणि आता तिची नजर तिथे गेली जिथे ती सकाळीच गेली असती तर बरं झालं असतं: धुवायच्या परातीत आज कितीतरी कप अर्धे भरलेले होते. तेवढ्या लोकांनी तोंड वाकडं केलं होतं, हसून आभार मानले होते आणि ते निघून गेले होते. ज्यांनी दूध-साखर घेतली त्यांना कळलंही नसेल. तक्रार एकानंच केली, आणि त्याला काढून टाकायचं वाक्य घडवता घडवताच तिनं ती कॉफी बिघडवली होती.

भीती वाटली का? वाटली. कोपऱ्यात भागीदारीण बाई चष्मा वर करून बघत होत्या, मालक अर्धवट उठले होते, आणि आईचा मोतीबिंदू, पोटऱ्या, तीन दुकानं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण भीतीच्या खाली पाय घट्ट होते. गिऱ्हाइकासमोर उभं राहणं हे तर तिचंच काम, आणि आज ते जरा मोठ्यानं करायचं होतं, इतकंच. ती काउंटरच्या पुढे आली.

"सगळ्यांनी कप खाली ठेवा," ती म्हणाली. "मशीन धुतल्यावर ते नीट विसळायचं राहिलं. चूक माझी आहे. घाबरायचं कारण नाही, वर एक ग्लास पाणी प्या. कॉफी पुन्हा करून देते, ज्यांना थांबायचं नाही त्यांचे पैसे परत."

कुजबुज झाली. एक बाई म्हणाली, मला वाटलंच होतं, पण म्हटलं आपलीच जीभ खराब असेल. एकानं तावातावानं पैसे मागितले आणि ते घेतले. बाकीचे आश्चर्यकारकरीत्या बसून राहिले. ती मागे वळली आणि डाव्या तोटीतून पाणी सोडायला लागली, एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत, म्हणजे कुठलंही वाक्य मध्ये शिरायला नको. सहाव्या वेळेला मालक शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा तिला वाचता येईना, आणि चेहरे वाचण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. त्या बाई विचारतायत, ते हळू आवाजात म्हणाले, हेच शिकवणार का तुम्ही सगळ्यांना? सात, ती म्हणाली, हो, चमच्यापासून सुरुवात करीन. आठ.

"आणि काकांना सांगायचं होतं ते?" मालकांनी विचारलं.

"विसरले," ती म्हणाली. "आज माझं दुसऱ्यांदा विसरणं. नऊ."

मालकांनी चमच्याच्या खुंटीकडे पाहिलं, चमचा तिथे नव्हता. तिच्या पदराशी खोचलेला होता. मालक जाऊन बसले. कोपऱ्यात दोन डोकी जवळ आली आणि बोलत राहिली, आणि काय बोलतायत हे ऐकण्याची तिला गरज वाटली नाही. सांगतील ते सांगतील.

दहा झाल्यावर तिनं नवी कॉफी काढली, बिनदुधाची, बिनसाखरेची, पांढऱ्या कपात. चमचा बुडवला, चाखली. जीभ पोळली. चव स्वच्छ होती, जळकी नाही, पाणचट नाही, सोळा वर्षांत केली असेल तितकी चांगली. ती स्वतः घेऊन खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलाशी गेली आणि कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून उभी राहिली. या वेळी ती काहीच म्हणाली नाही. परतकाकांनी कप उचलला, वास घेतला, एक घोट घेतला, आणि तोंडात तो इकडून तिकडे फिरवला. शेजारची टेबलं बघत होती. दादा मशीनवर हात ठेवून बघत होता. काकांनी कप खाली ठेवला आणि बशीसकट दोन बोटं पुढे सरकवला.

"गार आहे," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला एक सुरकुती हलली, तेवढीच. कपातून वाफ वर येत होती. तिला हसू आलं, आणि ते तिनं कपाळावरच्या आठीमागे ठेवलं. थांबा, मी स्वतः बघते, ती म्हणाली, आणि झुलत्या दारातून आत गेली. वरच्या फळीवरून निळा कप काढला, उकळत्या पाण्यानं विसळला, तीच कॉफी त्यात ओतली आणि काठ पुसला. मग ओट्याला टेकून ती वीसपर्यंत मोजत उभी राहिली. बाहेर कुणीतरी आपल्यासाठी आत गेलेल्या माणसाची वाट बघत होतं.

ती बाहेर आली, कप ठेवला, कान वळवला. "आता बघा बरं," ती म्हणाली.

काकांनी घोट घेतला, सावकाश गिळला आणि वर्तमानपत्राची घडी उलगडली.

"आता बरोबर," ते म्हणाले.